माह्या उजव्या कानामागचा डबा

तुही तेरवी होऊन आज अकरा दिवस झाले. आपली पोरगी रंजना परवा सासरी पुसदले गेली. जातानी तिनं फ्रिजमध्ये भाज्यांचे डबे भरून ठेवले, गॅस कसा बंद करायचा ते मले दोनदा दाखवलं. जसा काही मी या घरात पाव्हणा आहो. ती गेली अन मी टीव्ही लावला. तुह्या फोटोवरचा हार अजून उतरवला नाही अन मी टीव्ही लावला, लोकं काय म्हणायचं ते म्हणोत. घर लय चूप होतं. खुर्चीत बसलो तर बातम्या सांगणारी बाई समोर दिसे अन तिचा आवाज माह्या पाठीमागून येये. तीन वर्षं हे असंच चालू आहे. तू होती तवर यावर भांडण करता येत होतं. आता भांडाले कोणी नाही, म्हणून डोक्यात एकच गोष्ट फिरून राह्यली.

तू माह्यापासून काहीतरी लपवत होती.

मले हे पहिल्या दिवसापासून वाटे. काय लपवत होती तेवढं सापडत नव्हतं. मी चौथी शिकलेला माणूस, कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. लिहिणं म्हणजे कोणत्या मशीनचा पट्टा तुटला ते रजिस्टरात टिपायचं, बस. तुले कधी पत्र लिहिलं नाही. तू माहेरी गेली का चौथ्या दिवशी मीच तिथं जाऊन उभा राहो. आता तिथं येता येत नाही, म्हणून लिहून राह्यलो.

जिन बंद पडलं तिथून हे सुरू झालं. कापसाचे दिवस वाईट आले. आधी मशिनी दिवाळीपासून होळीपर्यंत थांबत नव्हत्या. मग दोन महिने चालू लागल्या, मग पंधरा दिवस. शेवटी मालकानं त्या खोलून विकल्या अन आपल्याले क्वार्टर खाली कराले सांगतलं. दिग्रसलेच या बिल्डिंगीत दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या घेतल्या. तुले आवडलं. नळाले पाणी, खाली दुकान, दाराले साखळी. मले भिंती पसंत नव्हत्या. खालच्यांनी शिंक दिली तर आपल्याकडं समजते असं तूच म्हणे. मले कधी कोणाची शिंक ऐकू आली नाही. तेही मले खोटंच वाटे.

मग एक दिवस खालच्या वानखडे मॅडम वर आल्या. पंचायत समितीत कामाले आहेत त्या, बोलणं पुस्तकासारखं.

"काका, मुलीची परीक्षा आहे. टीव्हीचा आवाज थोडा कमी केला तर बरं होईल."

"इतकाच तर आहे," मी म्हणलं.

त्यांनी तुह्याकडं पाह्यलं अन तू फरशीकडं पाह्यलं. मले तवाच समजलं की हिले तूच वर धाडलं. स्वतः सांगून थकली, आता सरकारी बाई पाठवली. त्या गेल्यावर मी विचारलं तर तू कबूल झाली नाही.

"तुम्हाले ऐकू येत नाही," तू म्हणाली. "त्यात मॅडमचा काय गुन्हा?"

"मले सारं ऐकू येते. तू तोंडातल्या तोंडात बोलतं."

"मी चाळीस वर्षं याच तोंडानं बोलून राह्यली."

आपलं हे भांडण तवा सुरू झालं अन तू गेली तरी संपलं नाही. मी तुले जिनातलं सांगो. बेअरिंग खराब होऊन राह्यलं का नाही हे साऱ्या दिग्रसमध्ये मी सांगत होतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाले लावायची, अन चालू मशीनच्या आतली कुरकुर ऐकायची. इंजिनियर लोकं माहा हात धरून घेऊन जात. असा माणूस बहिरा राहीन काय? तू भाकर थापता थापता म्हणाली, "मशीन वरडते म्हणून तुम्हाले ऐकू येते. माणसं वरडत नाहीत." त्यावर मी ताट सरकवून उठलो होतो. तू मागून बोलावलं नाही. बोलावलं असशीनही. आता काय सांगता येते.

त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी तू चहा देतानी म्हणाली, "आपण होम थेटर बनवून घेऊ."

मी चहा खाली ठेवला. तू जन्मात पुरा सिनेमा पाह्यला नाही. टॉकीजमध्ये नेलं तर इंटरवलच्या आधी झोपून जाय. कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन ठेले फिरणारी बाई तू, तुले होम थेटर कायले पाह्यजे? मी विचारलं तर म्हणाली, "साऱ्यांच्या घरी आहे." साऱ्यांच्या घरी काय आहे याचा तुले कधी फरक पडला नव्हता. तवा मले पक्कं वाटलं की यात काहीतरी आहे.

यवतमाळच्या मोठ्या दुकानात तयार सिस्टम पाह्यली. भाव ऐकून आपण दोघंही पाणी पिऊन बाहेर आलो. मग तू गजूचं नाव काढलं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं रिपेरिंगचं दुकान, आधी लग्नात भोंगे लावे. तो म्हणे, "मामाजी, तेवढ्या पैशात मी तुम्हाले दोन बनवून देतो." तो तुह्या माहेरच्या गावचा. तुले आत्या म्हणे, म्हणून मी मामाजी. माहेरचा निघाला म्हटल्यावर माहा संशय दुप्पट झाला. यात तुले काही पैसे सुटत असीन, किंवा त्याले सुटत असीन अन तुले माहीत असीन.

म्हणून मी रोज दुकानात जाऊन बसो. गजूनं लग्नाच्या जुन्या भोंग्याच्या प्लायवूडचा वूफरचा खोका कापला. स्पीकरचे पाच लहान डबे जमा केले, त्यातले दोन कोणाच्या तरी मोडक्या जीपमधून काढलेले होते. आवाज वाढवायच्या मशीनचा डबा एका बंद पडलेल्या कॅसेटच्या दुकानातला. ट्रान्सफॉर्मर मी हातात घेऊन तोलून पाह्यला. आत तांबं आहे का अल्युमिनियम, ते पाहाले नखानं वार्निश खरवडलं. तांबंच निघालं. तरी मी गजूले म्हणलं, "वरून तांबं असीन." तो हसला. मले हसणारे कारागीर आवडत नाहीत.

मग तो म्हणे वूफरच्या खोक्यात आतून फोम लावा लागते, नाहीतर आवाज डबडब येते. मी म्हणलं, झालं, आता फोम विकून राह्यला. मी जिनातला माणूस, मले हा फोम विकते. फोमच्या जागी कापूस चालीन का विचारलं, तर म्हणे चालीन. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या माणसाच्या ढिगातून गोणीभर कापूस आणला. त्या वर्षी कापसाले कोणी विचारत नव्हतं, त्यानं हात जोडून नेऊ दिला. तू पाह्यलं अन म्हणाली, "अहो, यात सरकी आहे. गादीत भरते तो पिंजलेला असते."

"सरकी असली तर काय गाणं म्हणीन?"

मी माह्या हातानं तो खोका ठासून भरला. तू चूप बसली. तुह्या चूप बसण्यातही मले काहीतरी दिसे.

चार महिन्यांनी वूफर फडफड करू लागला. मी गजूच्या दुकानावर जाऊन चार माणसांसमोर त्याले बोललो. स्पीकरले जुना पडदा घातला, माहेरचा म्हणून फसवलं, सारं बोललो. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी आला, त्यानं खोका उघडला. आत उंदरीनं घर केलं होतं. हवेच्या भोकातून आत गेली, सरकी खाल्ली, टरफलं एका कोपऱ्यात नीट ढीग करून ठेवली अन वेळ जायले स्पीकरचा कागद कुरतडला. तू इतकी हसली की भिंतीले टेकून खाली बसली. गजू हसला नाही. तू त्याच्या डोळ्यांसमोर मले म्हणाली, "माफी मागा त्याची." मी पंख्याकडं पाह्यत राह्यलो. त्याले चहा तूच दिला. माफीचं राहूनच गेलं.

पण मले खरा सल त्या पाचव्या डब्याचा होता. तयार सिस्टमच्या दुकानातून मी एक कागद आणला होता, त्यावर चित्र होतं. खोली, टीव्ही, माणूस, अन डबे कुठं कुठं ठेवायचे. पाचवा, मधला डबा टीव्हीच्या खाली. बोलणं त्याच्यातूनच निघते, हे गजूनंच सांगतलं होतं. अन त्यानंच तो डबा माह्या खुर्चीच्या मागं, उजव्या अंगाले, भिंतीवरच्या फळीवर लावला. तोंड माह्या मानेकडं.

"चित्रात समोर आहे," मी म्हणलं.

 तो तुह्याकडं पाह्यत होता.

"राहू द्या ना," तू म्हणाली. "तिथं फळी आहेच. समोर जागा कुठं आहे?"

समोर जागा होती. मी फितीनं मोजून दाखवली. दोनदा मीच तार वाढवून डबा समोर आणला. दोन्ही वेळा बाजारातून परत आलो तर डबा मागं फळीवर. तू म्हणे, "झाडू मारतानी तार पायात येते." मी मनात म्हणो, तार पायात आली तर डबा उडून फळीवर जाते काय? आवाजाच्या खटक्याजवळ तू एक टिकली चिकटवली अन खटका तिच्या वर न्यायचा नाही म्हणे. मले वाटलं नवीन वस्तूले कुंकू लावलं. खालच्या मॅडमची तक्रार बंद झाली. मले टीव्हीतलं सारं बोलणं समजू लागलं. मी तुले मोठ्या तोऱ्यात म्हणलं होतं, "पाह्य, टीव्हीच खराब होता. कान नाही." तू म्हणाली, "हो."

त्या 'हो'वर मी तीन वर्षं संशय घेतला.

दवाखान्यातलं मी लिहीत नाही. एकच लिहितो. यवतमाळच्या त्या वॉर्डात मी तुह्या पलंगाच्या एका बाजूले स्टूल टाकून बसलो होतो. तू हात हालवून नर्सले सांगतलं की यांचं स्टूल त्या बाजूले सरकवा. मले वाटलं तुले खिडकी पाह्यची आहे अन मी आड येतो. सरकलो. मग तू बोलली. कोठीतल्या तुरीले ऊन दाखवा, रंजनाले लगेच बोलावू नका, असं साधंच. सारं ऐकू आलं. आता आठवतो तर कळंबले गणपतीच्या देवळात जातानीही तू माह्या उजव्या अंगानं चाले. रस्त्याच्या बाजूनं. मी ओरडो की ट्रक येतात, आत हो. तू आत होत नव्हती.

परवा रंजना गेल्यावर हे एकेक जोडत गेलो. काल सकाळी उठून गजूच्या दुकानात गेलो. तेरवीपासून वाढलेल्या माह्या दाढीकडं पाहून त्यानं स्टूल पुसलं.

"गजू, तो डबा समोर लावून दे. चित्रात आहे तसा."

"नका लावू, मामाजी."

"काहून?"

तो सोल्डरिंगचं काम करत राह्यला. मग त्यानं ते खाली ठेवलं. "आत्या आधी एकट्या आल्या होत्या. तुम्ही दुकानात यायच्या तीन दिवस आधी. कॅलेंडरच्या पानामागं घराचा नकाशा काढून आणला होता. इथं टीव्ही, इथं यांची खुर्ची. म्हणाल्या, गजू, यांचा उजवा कान थोडा जिता आहे. मशीन बनव नाही तर नको बनव, बोलायचा डबा त्या कानाजवळ पाह्यजे. अन यांना सांगायचं नाही."

"मग होम थेटर कायले? एक डबा लावला असता."

"मीही तेच म्हणलं. त्या म्हणाल्या, एकच डबा लावला तर त्यांना समजीन कायच्यासाठी आहे."

मी उठलो. त्यानं चहा मागवला होता तो घेतला नाही. सारा रस्ता मी तुह्यावर चिडत आलो, खोटं कायले बोलू. पाच डबे, वूफर, जीपचे स्पीकर, उंदीर, चार माणसांत गजूचा पाणउतारा, हे सारं एका डब्याले लपवासाठी. अन मले सोडून साऱ्यांना माहीत. गजूले माहीत. वानखडे मॅडमले नक्की माहीत. रंजना फोनवर माह्याशी वरडून कायले बोले ते आता समजलं, मी समजो पुसदची लाइन खराब आहे. तीन वर्षं एका घरात मी राजावाणी खुर्चीत बसलो अन तुम्ही सारे माह्या पाठीमागं तारा जोडत होते. हे कोणत्या माणसाले बरं वाटीन?

घरी आलो, दुपार होती. टीव्ही लावला, खटका टिकलीवर नेला. माह्या खुर्चीत बसलो नाही. तुह्या जागेवर बसलो, स्वयंपाकघराच्या दारात, त्या बुटक्या पाटावर, जिथं तू तूर निवडत बसे. मले एक पाह्यचं होतं. बोलणं माह्या कानात जात होतं तर तुह्याकडं काय येत होतं.

काही आलं नाही. वूफरची घुमघुम फरशीतून आली, बस. पण माह्या कानाची साक्ष कोण घेते. तुले येत असीन. मग दुसरा संशय, येत नसीन. बसून बसून पाय भरले तरी नक्की होईना. शनिवार होता, मॅडम घरी होत्या. मी खाली जाऊन त्यांना बोलावून आणलं. त्यांना वाटलं मी पडलो का काय, तशाच चपला न घालता वर आल्या.

"मॅडम, या पाटावर बसा. इथं बोलणं ऐकू येते का सांगा."

त्या बसल्या. थोडं ऐकलं अन 'हो' म्हणून मान हालवली, हसून, लवकर. मले ते लवकर आवडलं नाही. बायकोची तेरवी झालेल्या म्हाताऱ्याले सारेच लवकर 'हो' म्हणतात. मी म्हणलं, "मग ती टीव्हीतली बाई काय म्हणाली ते सांगा."

त्यांनी सांगतलं. त्यांचे ओठ हालले. मी त्यांच्या पुढं उभा, माहा डावा कान त्यांच्याकडं, मागं पंखा. एक शब्द लागला नाही. त्यांनी परत सांगतलं, परत नाही. बाकी वेळी मी काय करतो ते तुले माहीत आहे. मान डोलावतो, "बरोबर" म्हणतो अन दुसरा विषय काढतो. तसं करता आलं असतं. पण मले तुह्या जागेचं खरं पाह्यजे होतं, अन ते मॅडमच्या तोंडातून माह्यापर्यंत पोहोचत नव्हतं.

"मॅडम," मी म्हणलं, "मले ऐकू येत नाही. या अंगानं या अन मोठ्यानं सांगा."

हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. त्या जागच्या उठल्या, माह्या उजव्या अंगाले आल्या, पदर सावरून कानाशी वाकल्या अन खणखणीत बोलल्या, "काका, खरं सांगते. तिथं गाणं ऐकू येतं. कोणी बोलतंय तेही कळतं. काय बोलतंय ते कळत नाही."

मी त्यांना चहा विचारला. त्यांनीच केला.

तू रोज मालिकेत जाहिरात लागली की विचारे, "ती काय म्हणाली हो?" मी सांगो. मग पुढच्या जाहिरातीले परत, "अन सासू काय म्हणाली?" मले राग येये. मी म्हणो, "समोर बसून ऐकू येत नाही तुले? बहिरी झाली तू. उद्या तुह्यासाठी मशीन आणू." एकदा रंजना अन जावई बसले होते त्यांच्यासमोर म्हणलं. तू तूर निवडत राह्यली, वर पाह्यलं नाही. म्हणाली, "असीन, वय झालं."

तू तवाच भांडाले पाह्यजे होतं. पाट उचलून माह्या खुर्चीजवळ टाकाले पाह्यजे होता. कायले नाही टाकला याचं उत्तर मी कालपासून शोधून राह्यलो, अन जे उत्तर येते त्यावर माहा विश्वास बसत नाही. माह्याजवळ बसली असती तर तुले सारं समजलं असतं, मग मले विचारायचं कारण राह्यलं नसतं. मी सांगतो अन तू ऐकतं, हे राह्यलं नसतं. असं असीन तर तू माह्यावर उपकार केला का मले खेळवलं, मले ठरवता येत नाही. तू असती तर दोन्हीवर भांडलो असतो.

गजूकडं आज सकाळी जाऊन आलो. तवा चार माणसांसमोर बोललो त्याची माफी मागतली. तो काहीतरी बोलला. मी त्याले म्हणलं, इकडून ये, मले ऐकू येत नाही. तो आला. दुकानात दोन गिऱ्हाईकं होते, त्यांनीही ऐकलं. काही झालं नाही. त्यांनी आपापले मिक्सर घेतले अन गेले.

इतकं सोपं होतं ते. तुले तेवढं सांगाचं राह्यलं.